लांब पल्ल्याची सायकल आणि आपली मुलं

मुलांना शाळेत जायला सायकल घेऊन दिली की आपलं काम संपलं, असं आता राहिलेलं नाही. मोठी माणसं ‘ब्रेव्हे’ म्हणून लांबच्या फेऱ्या करतात. ती शर्यत नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस तर १२०० किलोमीटरची, जास्तीत जास्त ९० तासांची. हे सगळं ऐकून मुलंही हट्ट धरतात.

आमच्या घरी हे ब्रेव्हे करतात, म्हणून सातवीतली धाकटी ‘मीही येणार’ म्हणून हटून बसली. सासूबाई म्हणाल्या, “पोरीच्या जातीला कशाला एवढं उन्हातान्हात?” त्यांचं उन्हाचं म्हणणं मला पटलं, पोरीच्या जातीचं नाही.

पुरुषमंडळींना किलोमीटरचा आकडा लागतो. मुलांना लागतं पोचायचं ठिकाण. आम्ही वाईहून आधी मेणवलीच गाठली. अंतर थोडंच, पण नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि ती मोठी घंटा पाहून पोरगी खूश! मग काही आठवड्यांनी धोमचं देऊळ. परवा धोमच्या अलीकडेच तिने सायकल वळवली. “थोडंच तर राहिलं,” हे म्हणाले. मी म्हटलं, वळू द्या. मुलं दमली की सांगत नाहीत, नुसती गप्प होतात. आणि जाताना सगळी शक्ती संपली तर परतायचं कशाच्या जोरावर? एकदा रडवून आणलेलं मूल पुन्हा सायकलला हात लावत नाही.

गणवेशासारखी ‘वाढत्या अंगाची’ सायकल मात्र घेऊ नका. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं, की पाय सरळ व्हायला हवा. गादी फार खाली असली तर गुडघे दुखतात. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवायला शिकवा. जड गिअर रेटण्यात शौर्य नाही. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं, मागे सरकलेलं नको. जाड शिवणीची विजार मांड्यांना घासते.

उजाडताच निघा, ऊन चढायच्या आत घरी या. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यायला लावा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, केळी, चिक्की बरोबर द्या. आमच्याकडे गुळाच्या दशम्या असतात. चुरगळत नाहीत, खराबही होत नाहीत. डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सावलीत थांबा. मोठी होत चाललेली मुलगी असेल तर ‘त्या’ दिवसांत जायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या. मनाई करण्याचं काही कारण नाही.

रहदारीच्या रस्त्यावर मूल पुढे, मोठं माणूस मागे. म्हणजे वेग मुलाचा राहतो आणि नजर आपली. आणि पंक्चर काढायला दोघांनाही शिकवा, मुलालाही आणि मुलीलाही. घरच्या अंगणात, बादलीभर पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायला मुलांना भारी गंमत वाटते.