धडधड लपवू नका

गेल्या फेब्रुवारीत हाऊस क्रॉस कंट्रीच्या शेवटच्या किलोमीटरला माझ्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. दम लागल्यावर होते तशी नव्हे, कोणीतरी खटका दाबावा तशी. ठोके गळ्यापर्यंत जाणवत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मी खाली बसलो. पाच-सहा मिनिटांनी तोच खटका बंद व्हावा तसे सगळे थांबले. मी एमआय रूममध्ये गेलो नाही. ही तिसरी वेळ होती.

का गेलो नाही, हे कॅडेट्सना सांगायला नको, पालकांसाठी सांगतो. सिक रिपोर्टमध्ये नाव घालणाऱ्याला पोरे कामचोर म्हणतात, आणि क्रॉस कंट्रीच्या आठवड्यात तर हमखास. उस्ताद काही बोलत नाहीत, आम्हीच बोलतो. मीही बोललो आहे. दुसरी भीती याहून मोठी, एनडीएच्या मेडिकलची. कागदावर एकदा ‘हृदय’ हा शब्द आला की संपले, असे आम्ही धरून चालतो.

माझे बिंग जबलपूरला फुटले. उन्हाळ्याच्या सुटीत सिव्हिल लाइन्सला आजोबांकडे कॅरम खेळत होतो. खाली पडलेली सोंगटी उचलायला वाकलो आणि खटका दाबला गेला. आबांनी मनगट धरले, घड्याळ पाहिले आणि दोनदा मोजणी सोडून दिली. नाडी इतकी जलद होती की मोजता येईना. “धावून आलास का?” “नाही आबा, इथेच बसलोय.” त्याच संध्याकाळी ईसीजी काढला. तोवर धडधड थांबली होती, तरी पट्टीवर खूण होतीच. प्रत्येक मोठ्या लाटेची सुरुवात सरळ उभी चढण्याऐवजी थोडी तिरकी होती. तिला डेल्टा वेव्ह म्हणतात. दुखण्याचे नाव वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट. या तीन डॉक्टरांनी १९३० साली ११ रुग्णांची हकीकत छापली. त्यांतले बहुतेक तरुण होते आणि एरवी ठणठणीत.

आबा सिग्नल्समधून निवृत्त झाले, त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे माझ्याआधी त्यांना कळले. हृदयाचा ठोका वरच्या कप्प्यातल्या एका ठिकाणाहून विजेच्या संदेशाने सुरू होतो. वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये एकच चौकी असते. ती संदेश सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका अडवते, म्हणजे वरचे कप्पे रिकामे होईपर्यंत खालचे थांबतात. माझ्यात जन्मापासून एक जादा तार आहे, ती ही चौकी चुकवून थेट खाली जाते. “एक्स्चेंज टाळून कोणीतरी लाइन ओढलीय,” आबा म्हणाले. कधी कधी संदेश चौकीतून खाली उतरतो, जादा तारेने वर येतो आणि असा गोल गोल फिरत राहतो. मग ठोके मिनिटाला २०० च्या आसपास जाऊ शकतात. हजारात एक ते तीन माणसांच्या ईसीजीत ही खूण सापडते आणि पुष्कळांना आयुष्यभर त्रासही होत नाही. पण वरच्या कप्प्यांत गोंधळ माजला आणि तो सगळा या न अडवणाऱ्या तारेने खाली गेला, तर जीव जाऊ शकतो. असे क्वचित होते, पण होते.

आता माझे म्हणणे. मित्र सांगतात, एनडीए होईपर्यंत गप्प राहा. मला हे पटत नाही. जी खूण स्वस्थ पडलेल्या माणसाच्या पट्टीवर उमटते, ती मी लपवणार कशी? आणि समजा लपली, तर पुढे माझ्या हाती गाडी असेल, मागे दहा जवान असतील. त्या वेळी अंधारी आली तर? शिवाय याला इलाज आहे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, जादा तार नेमकी कुठे आहे ते शोधतात आणि टोकाच्या उष्णतेने ती जाळतात. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. १९६८ साली अमेरिकेत एका मच्छीमाराची अशी तार छाती उघडून कापावी लागली होती. आज शंभरात नव्वदाहून अधिक जणांना नळीने गुण येतो. तार चौकीला खेटून असेल तर चौकीलाच इजा होण्याचा धोका असतो, हेही डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. आईने तो प्रश्न तीनदा विचारला.

इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंचा ईसीजी सक्तीने काढतात. आपल्याकडे सगळ्यांचा काढा, असे मी म्हणत नाही. सरावाने हृदय बदललेल्या मुलांच्या पट्ट्या उगाच घाबरवतात. पण पीटीच्या एका तासात नाडी मोजायला तरी शिकवा. धावल्याने वाढलेली नाडी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. खटक्यासारखी चालू-बंद होते ती वेगळी. अशी धडधड सुरू असतानाच ईसीजी मिळाला तर डॉक्टरांचे अर्धे काम होते, म्हणून लगेच एमआय रूम गाठायची. धावताना कोणी बेशुद्ध पडला, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही सांगायचे.

मला एक युक्ती शिकवली आहे. धडधड सुरू झाली की १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोर लावून फुंकायचे, लगेच आडवे व्हायचे आणि दुसऱ्याने पाय वर धरायचे. २०१५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत अशाने ४३ टक्के लोकांची धडधड थांबली. पाय न उचलता नुसते फुंकणाऱ्यांची १७ टक्के. पण हे डॉक्टरांनी दाखवल्यावरच करायचे. दुसऱ्याची गोळी तर मुळीच घ्यायची नाही, कारण धडधडीवरची काही औषधे या दुखण्यात उलटतात.

माझे अ‍ॅब्लेशन दिवाळीच्या सुटीत नागपूरला आहे. मेडिकल बोर्ड पुढे काय म्हणेल ते तेव्हा पाहू; कागद सगळे जपून ठेवले आहेत. तोवर धावणे बंद, म्हणून क्रॉस कंट्रीला मी स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. परवा आठवीतला एक जण आला आणि हळूच म्हणाला, “दादा, माझी नाडी मोजता का?” ९६ होती. जिना चढून आला होता.