तंबोरा, पेटी आणि आपला अभिमान

वाद्यांच्या नावांची व्युत्पत्ती हा आपल्या रसिक मंडळींचा मोठा आवडीचा विषय. मैफल संपून पानसुपारी फिरू लागली की तो हटकून निघतो. तंबोरा हा तुंबरू गंधर्वाचा, सतार म्हणजे सप्ततार आणि संतूर ही तर शततंत्री वीणाच, असे एक पक्ष छातीठोकपणे सांगतो. दुसरा पक्ष ही सारी वाद्ये इराणातून आली, असे म्हणून मोकळा होतो. आमच्या मते दोघांचीही गफलत एकच आहे. नावाचे कूळ आणि वाद्याचे कूळ ते एकच धरून चालतात.

सतारीचेच पाहा. फारसीत 'सेह' म्हणजे तीन, म्हणून 'सेहतार' हे तीन तारांचे वाद्य. आजच्या आपल्या सतारीला मुख्य तारा सहा-सात आणि तरफेच्या अकरा ते तेरा. नाव फारसी राहिले; वाद्य आणि त्याचा बाज मात्र इथल्या वादकांनी आणि कारागिरांनी घडविला. उलट 'मृदंग' हा शब्द संस्कृत, मातीच्या अंगाचा म्हणून मृदंग. पण आज त्याचे खोड लाकडाचे असते. नाव हे वाद्याच्या पूर्वायुष्याची एखादी खूण जपते. पुढचा संसार ते सांगत नाही.

सरोद तर आपल्या ग्वाल्हेरीच्या घरचे वाद्य. दरबारचे हाफिज अली खाँ यांचे घर आज 'सरोद घर' या नावाने वाद्यांचे संग्रहालय झाले आहे. फारसीत 'सरोद' म्हणजे गाणे. वाद्य मात्र अफगाणी रबाबापासून निघाले. या 'रबाब' शब्दाचा प्रवास तर नवलाचा आहे. मूळ शब्द अरबी. अरबांबरोबर तो स्पेन-पोर्तुगालकडे गेला, तिकडे त्याचा 'रेबेक', 'रबेका' झाला, आणि गोव्याच्या कोकणीत व्हायोलिनला आजही 'रेबेक' म्हणतात. म्हणजे एकच शब्द अफगाण डोंगर ओलांडून एका रूपाने आला आणि समुद्रावरून दुसऱ्या रूपाने. त्यातले एक वाद्य छेडून वाजते, दुसरे गजाने. आता याला आपले म्हणावे की परके, याचा निवाडा कोणी करावा?

ही केवळ पंडिती करमणूक असती तर आम्ही हे लिहिले नसते. पण खोट्या अभिमानापायी आपण खरे शब्द गमावत आहोत. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये देबाँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमला रूप दिले. ते वाद्य इकडे आल्यावर मराठी माणसाने ग्रीक मुळाच्या त्या नावाचा घोळ घातला नाही; समोर पेटी दिसली, तो 'पेटी' म्हणाला. याच ग्वाल्हेरीच्या भैयासाहेब गणपतरावांनी तिला ठुमरीच्या मैफलीत मान मिळवून दिला. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. त्या वनवासातूनही पेटी तरली. आता मात्र निवेदकांना 'पेटी' म्हणण्याचा संकोच वाटतो, 'संवादिनी' म्हटल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. संवादिनी शब्द गोड आहे, त्याला आमची ना नाही. पण घरच्या शब्दाने असे काय पाप केले?

तंबोऱ्याचीही तीच गत. आसपासची हिंदी ऐकून आपली मुले 'तानपुरा' म्हणतात, हे समजण्यासारखे आहे. पण जिथे पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडले त्या मिरजेच्या वाद्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही 'मिरज तानपुरा' म्हणून!

'तंबोरा' हा फारसी 'तंबूर'चा सोयरा आहे, हे आम्ही लपवीत नाही. तो आपला आहे तो शुद्ध कुळामुळे नव्हे, तर आपल्या घरांत इतकी वर्षे नांदल्यामुळे. आपले पूर्वज शिंद्यांबरोबर दक्षिणेतून इकडे आले आणि ग्वाल्हेरकर झाले, ते याच न्यायाने. तेव्हा व्युत्पत्तीचे वाद खुशाल रंगू द्यावेत. पण मुलाला गाण्याच्या शिकवणीला बसवताना 'तंबोरा घे' असेच म्हणावे. तेवढ्याने तो शब्द आणखी एक पिढी जगेल.