ऑपरेशनला अडीच लाख, फिजिओला चार हजार

जुन्या इंदूरच्या वाड्यांच्या आठवणी मी इथे आवडीने वाचतो, स्वतःही दोन-चार लिहिल्या आहेत. आज त्या वाड्यांत म्हातारी झालेल्या माणसांविषयी लिहितो, आणि थोडं माझ्या चुकीविषयी.

मी बी. कॉम., बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्यामुळे घरात पैशाचा प्रश्न आला की कागद-पेन माझ्याकडे येतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या वहिनी, म्हणजे थोरल्या भावाच्या पत्नी, न्हाणीघरात घसरल्या. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. अडीच लाख लागले, बरेचसे मेडिक्लेममधून आले, उरलेल्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने त्यांना वॉकर धरून उभं केलं. "अहो, टाके अजून ओले आहेत!" असं मीच ओरडलो होतो. सहाव्या दिवशी घरी. हातात औषधांची यादी आणि व्यायामाच्या चित्रांची एक पुसट झेरॉक्स.

घरी एक मुलगी यायची, व्हिजिटचे ५०० रुपये. आठ वेळा आली. दर वेळी वहिनी कळवळायच्या आणि आमच्या पोटात कालवायचं. शेवटी मी पुतण्याला म्हणालो, "पाय वर-खालीच करायचेत ना, ते आपण करून घेऊ. त्यापेक्षा एक चांगली बाई ठेव." चार हजारांवर खातं बंद! बाई ठेवली, महिना १४,०००. बाई खरोखर चांगली होती. तोंड धुणं पलंगावर, जेवण पलंगावर, कमोडची खुर्ची पलंगाला लागून. येणारे-जाणारे म्हणायचे, नशीबवान आहेत, केवढी सेवा होतेय. आणि संक्रांत येईपर्यंत वहिनींना आपल्या बळावर कुशीवरही वळता येईना.

हाड व्यवस्थित जुळत आलं होतं. गेली होती पायांतली शक्ती. नंतर मी यावर बरंच वाचलं. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्या, चांगल्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचे स्नायू सरासरी किलोभर घटले. धडधाकट माणसांचे! उलट १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, तर ताकद दुपटीहून जास्त वाढली. म्हणजे "आता वय झालं" हे वाक्य आपण समजतो तितकं खरं नाही.

फेब्रुवारीत दुसरे एक फिजिओथेरपिस्ट बोलावले. त्यांनी आधी दुखतं कुठे हे विचारलंच नाही. विचारलं, "आजी, तुम्हाला काय करायचंय?" वहिनी म्हणाल्या, ओटल्यावर जाऊन तुळशीला पाणी घालायचंय. झालं, तेच ध्येय. पहिले आठ दिवस पलंगाच्या कडेला नुसतं बसणं. मग उंच खुर्चीवरून उठणं-बसणं, दिवसातून तीनदा, आधी दोन वेळा, मग पाच. मग स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलणं. बाईला सक्त ताकीद: हात द्यायचा नाही, फक्त जवळ उभं राहायचं. हे मात्र घरात सगळ्यांनाच, विशेषतः भावाला, फार जड गेलं. मे महिन्यात वहिनी वॉकर घेऊन तुळशीपाशी पोचल्या. जिना मात्र आजही चढवत नाही. वरच्या मजल्यावरचं त्यांचं देवघर खाली आणावं लागलं. सुरुवातीचे तीन महिने वाया गेले नसते तर? याचं उत्तर कोणी देऊ शकत नाही, पण प्रश्न मला सुटत नाही.

आणि हिशेब बघा. दिवसाआड व्हिजिट म्हटली तरी तीन महिन्यांचे साधारण बावीस-तेवीस हजार. बाईला तेवढ्याच काळात बेचाळीस गेले. शिवाय पुष्कळ मेडिक्लेम पॉलिसींत डिस्चार्जनंतर ठराविक दिवसांचा खर्च मिळतो, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर फिजिओचासुद्धा. आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रं भिंगातून तपासली, घरची पॉलिसी मात्र उलटून पाहिली नाही.

माझं मत कोणाला कठोर वाटेल. आपल्या घरांत म्हाताऱ्यांच्या हातातून तांब्या काढून घेणं म्हणजे सेवा, असं झालंय. पूर्वी पाटावर जेवायचो, दिवसातून दहादा जमिनीवरून उठायचो, तोच व्यायाम होता. आता दिवाण, सोफा, डायनिंग टेबल. (माझे गुडघे पाहता पाटावर परत बसा असं मी सांगणार नाही.) पण हृदय वगैरेबद्दल डॉक्टरांना विचारून, खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव सत्तरीतल्या प्रत्येकाने पडण्याच्या आधीच सुरू करावा. मी स्वतः आता सलग बारा वेळा उठतो. सुरुवात चारने केली होती.

आपल्या मंडळांत वर्षातून एकदा शुगर-बीपीचं शिबिर होतं, फोटो निघतात. त्याऐवजी हॉलमध्ये आठवड्यातून दोन दिवस, तासभर, तोल आणि ताकदीचा वर्ग का नको? खुर्च्या आहेत, पंखे आहेत, सकाळी हॉल रिकामाच असतो. फिजिओथेरपिस्टचं मानधन आम्ही वीस-पंचवीस पेन्शनर सहज वाटून घेऊ. आमच्या सेक्रेटरींना सांगून झालं. ते म्हणाले, गणपती होऊन जाऊ द्या, मग बघू. गणपती होऊन गेले, आता दिवाळी होऊन जाऊ द्या म्हणतात. तुमच्यापैकी कोणाच्या गावी, बडोद्याला, ग्वाल्हेरला, बेळगावला, असा वर्ग चालत असेल तर वेळ आणि खर्च कसा बसवला ते कळवा. कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवतो.