ढग कुणाला दिसतो?

अणुयुद्धावरचा सिनेमा म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? ढग. मशरूमच्या आकाराचा, फुगत वर चढणारा. तो इतका सवयीचा झालाय की त्याचे स्टिकर निघालेत. कुणी ऑनलाइन भांडणात हरला की त्याच्याखाली तो ढग डकवायचा. माझं म्हणणं असं की तो ढग म्हणजे लांबून बघणाऱ्याचं दृश्य आहे, बहुतेक वेळा बॉम्ब टाकणाऱ्याचं, आणि आपण इतकी वर्षं त्याच्याच शेजारी बसून हे सिनेमे बघतोय.

हिरोशिमाच्या ढगाचा गाजलेला फोटो बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या शेपटीत बसलेल्या गनरने काढला. खाली शहरात त्या दिवशी योशितो मात्सुशिगे नावाचा वृत्तपत्र-छायाचित्रकार कॅमेरा घेऊन फिरत होता. त्याचे पाचच फोटो शिल्लक राहिले. समोर होरपळलेली माणसं असताना त्याच्याच्याने बटण दाबवेना. खालच्या माणसांनी त्या घटनेला जे नाव दिलं त्यातही ढग नाही. ‘पिकादॉन’: पिका म्हणजे लख्ख उजेड, दॉन म्हणजे धडाम. बस्स.

१९८३ साली अमेरिकेत एक सिनेमा आला ज्यात फक्त पिका आहे. ‘टेस्टामेंट’. दिग्दर्शक लिन लिटमन, मूळ कथा कॅरल एमन यांची. सार्वजनिक टीव्हीसाठी बनवलेला हा छोटा सिनेमा पॅरामाउंटने उचलून थिएटरात लावला. जेन अलेक्झांडरला ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि मग लोक त्याला विसरले, कारण त्यात ‘काहीच घडत नाही’.

काय घडत नाही ते सांगतो. कॅलिफोर्नियातलं हॅमेलिन नावाचं काल्पनिक गाव. आई कॅरल, तीन मुलं, आणि सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला जाणारा बाप, टॉम. एका संध्याकाळी मुलं टीव्ही बघत असतात. कार्यक्रम थांबतो, निवेदक सांगतो की पूर्व किनाऱ्यावर अणुस्फोट झालेत. मग खिडकीतून पांढराफट्ट उजेड आत येतो. संपलं. यापुढे एकही स्फोट नाही. गावातलं एकही घर पडत नाही. नळ, भांडी, गाद्या, पियानो, सगळं जागच्या जागी. फक्त माणसं मरायला लागतात. आधी तान्ही मुलं आणि म्हातारे.

टॉमचं काय झालं? तो घरी यायला निघाला होता, एवढंच कॅरलला वाटत असतं. बरेच दिवस गेल्यावर बॅटरी शोधताना तिला आन्सरिंग मशीन सापडतं. (तुमच्यातल्या निम्म्यांनी हे यंत्र पाहिलेलं नसेल. घरच्या फोनला जोडलेला टेप, तुम्ही नसताना समोरच्याचा निरोप रेकॉर्ड करणारा.) ती ते लावते आणि टॉमचा आवाज येतो: आज ऑफिसात उशीर होईल, इथेच थांबतोय. म्हणजे तो शहरातच होता. मी कामासाठी रोज सर्व्हरचे लॉग वाचतो. शेवटची नोंद किती वाजताची, यावरून यंत्र कधी बंद पडलं ते कळतं. माणसाच्या बाबतीत ते असं कळावं, याहून भयंकर दृश्य मला कुठल्याच युद्धपटात सापडलेलं नाही.

लोकांची दुसरी तक्रार: युद्ध कुणी सुरू केलं, का केलं, हे सिनेमा सांगतच नाही. आमच्या धंद्यात एखादी सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी ‘आरसीए’ लिहितात, बिघाडाचं मूळ कारण शोधणारा अहवाल. तो लिहायला माणूस उरलेला लागतो. कॅरलच्या घरी असला अहवाल येत नाही. बातम्या बंद, वीज बंद. गावातल्या एका म्हाताऱ्याच्या हॅम रेडिओवरून थोडंफार कळतं तेवढंच. आणि कारण कळलं असतं तरी ते काय दर्जाचं असतं? त्याच वर्षी, २६ सप्टेंबरला, सोव्हिएत उपग्रहांच्या यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला. ढगांवरून चमकलेलं ऊन तिला क्षेपणास्त्र वाटलं होतं. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोवने स्वतःच्या सिस्टिमवर विश्वास ठेवला नाही म्हणून आपण आहोत. यावर पटकथा लिहिली असती तर लोक म्हणाले असते, किती ओढूनताणून!

खरा मुद्दा पुढे आहे. ‘टेस्टामेंट’ आला त्याच महिन्यात एबीसी वाहिनीने ‘द डे आफ्टर’ दाखवला. कॅन्सस सिटीवर स्फोट, क्षणात हाडांचे सापळे झालेली माणसं, सगळं. सुमारे १० कोटी लोकांनी तो पाहिला. रेगननी आधीच पाहिला होता आणि आपण फार खिन्न झाल्याचं डायरीत लिहिलं होतं. त्या सिनेमाचे चाहते हे वाक्य मेडलसारखं मिरवतात. पण त्याच नोंदीत रेगन पुढे काय म्हणतात? युद्ध होऊ नये यासाठी, आणि प्रतिरोधासाठी, जे जे करता येईल ते करायला हवं. प्रतिरोध म्हणजे समोरच्याला धाक वाटेल एवढी शस्त्रं आपल्याकडे असणं. म्हणजे माणूस खिन्न होतो आणि तरी धाक हवाच म्हणतो. स्फोट दाखवून हेच साधतं. भीती वाटली की माणूस ढाल मागतो, आणि या धंद्यात ढाल आणि तलवार एकाच दुकानात मिळतात.

त्या काळातली सरकारी मंडळी काय बोलत होती तेही ऐका. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातले टी. के. जोन्स एका पत्रकाराला म्हणाले होते की खड्डा खणा, वर दोन दारं टाका, त्यावर तीन फूट माती. फावडी पुरेशी असली तर सगळे वाचतील. याला उत्तर आगीच्या लोळाने देता येत नाही, कारण जोन्ससाहेब लोळ मोजूनच बोलतायत. उत्तर ‘टेस्टामेंट’मध्ये आहे. तिथे फावडं आहे. त्याने मागच्या अंगणात धाकट्या स्कॉटीसाठी खड्डा खणतात. पुरायच्या वेळी कॅरलला त्याचं टेडी बेअर सापडत नाही आणि ती वेड्यासारखी घरभर शोधत सुटते.

हे सगळं आपल्याला कशाला? मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानात चार दिवस जे चाललं, तेव्हा ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर एकाने मोबाईलवर न्यूकमॅप उघडला होता. अ‍ॅलेक्स वेलरस्टीन या इतिहासकाराने लोकांना धोका कळावा म्हणून बनवलेली ही साइट: शहर निवडा, बॉम्ब निवडा, वर्तुळं उमटतात. आमच्या टेबलावर ती खेळ झाली. लाहोर, कराची, मग गंमत म्हणून हिंजवडी. सगळे हसले. ही पोरं क्रूर नाहीत, त्यातला एक रोज गच्चीवर कबुतरांना पाणी ठेवतो. पण नकाशा वरून दिसतो. ढगही लांबून दिसतो. तिथून बघताना कुणाच्याही घरात आन्सरिंग मशीन नसतं.

‘ओपेनहायमर’ने तर चाचणीचा स्फोट थिएटरातला उत्सव केला, आणि हिरोशिमा पडद्याबाहेर ठेवली. ठेवली ते बरंच, असं समर्थन मीही ऐकलंय. पण मग लोक तिकीट काढून कशासाठी गेले होते, ते प्रामाणिकपणे सांगा.

‘टेस्टामेंट’मध्ये खोट आहे, ती मी लपवत नाही. किरणोत्सर्गाने मरणं इतकं नीटनेटकं नसतं. शेजारीपाजारी इतका काळ सभ्य राहतील यावरही माझा विश्वास नाही. वर्षभरात आलेला ब्रिटिशांचा ‘थ्रेड्स’ याबाबतीत जास्त निर्दय आहे, तोही बघा. पण ‘थ्रेड्स’ बघून मी सुन्न झालो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. ‘टेस्टामेंट’ मात्र माझ्या घरातल्या वस्तूंना चिकटून बसला. बॅटरी, मेणबत्ती, चादर.

मागे कुणीतरी मला म्हणालं की हा बायकांचा सिनेमा आहे, त्यात नुसतं घरकाम दाखवलंय. हो, घरकामच आहे. मुलगी मेरी लिझ वयात येतेय. प्रेम करणं कसं असतं, असं ती आईला विचारते, कारण ते आता आपल्या वाट्याला येणार नाही हे तिला कळलंय. आई लपवाछपवी न करता उत्तर देते. पुढच्या दृश्यात आई एक चादर मांडीवर घेऊन बसलेली दिसते. टाके घालत असते. कुणासाठी, हे सिनेमा सांगत बसत नाही.