प्राजक्ता चालते, मग कारवी का नको?

1990 च्या आसपास मराठी शाळेत असलेल्या कोणालाही विचारा, वर्गात सायली किती होत्या. एक उंच सायली, एक चष्मेवाली सायली आणि तिसरीला नुसत्या आडनावाने हाक मारायची. लोणावळ्यापासून लातूरपर्यंत उत्तर साधारण असेच येईल. जोडीला एखाददुसरी प्राजक्ता, केतकी, जुई, अबोली ठरलेली.

ही सगळी फुले अंगणातली, परसातली, नाहीतर देवळाच्या आवारातली. मावळच्या डोंगरउतारावरची जी झाडेझुडपे पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घराला, चुलीला आणि गोठ्याला उपयोगी पडली, त्यांची नावे पाळण्यापर्यंत सहसा पोचली नाहीत. आता कुठे मुलींच्या नावांच्या याद्यांत ‘कारवी’ दिसू लागली आहे. बारशाला आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून हे नाव सांगितले, तर पाठीवर नेहमीपेक्षा दोन धपाटे जास्तच बसतील, अशी परिस्थिती आहे. तरीही हे नाव ठेवावे, खुशाल ठेवावे.

लोणावळ्याहून राजमाचीची वाट धरली किंवा लोहगड-विसापूरच्या रानात शिरले, की पुरुषभर उंचीची, सरळ दांड्यांची, खरखरीत मोठ्या पानांची झुडपे दाटीने उभी दिसतात. तीच कारवी. सात वर्षे ती नुसती वाढते. आठव्या वर्षी पावसाळा उतरणीला लागला, की निळ्याजांभळ्या घंटेसारख्या फुलांनी उतारच्या उतार भरून जातात आणि मधमाश्यांची झुंबड उडते. फुले झडली की बोंडे धरतात आणि झुडूप वाळून मरते. पुढच्या साली पावसाचे पाणी लागले की ती वाळकी बोंडे तडतड फुटतात, बी उडते आणि नवी रोपे धरतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016 आणि 2024 साली असा बहर आला. प्रत्येक डोंगराचा हिशेब मात्र निराळा. एका खोऱ्यात कारवी फुलली म्हणून शेजारच्या खोऱ्यात त्याच साली फुलेल असे नाही.

मावळात कारवीची ओळख फुलापेक्षा कुडाने जास्त. वाळलेल्या काठ्या एकमेकींना लगटून उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांना बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपून घ्यायचे, की भिंत उभी राहिली. काठ्या उरल्या तर परसातल्या वेलाला मांडव, तोही झाला तर चुलीला सरपण. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळ्यांच्या वाड्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

नावाची अडचण इथेच सुरू होते. ज्या आजीचा जन्म कुडाच्या घरात गेला आणि जिच्या मुलाने पुढे पै-पै जोडून विटांच्या भिंती बांधल्या, तिला नातीच्या नावात पुन्हा तो कूड नको असतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. झाडाफुलांवरून मुलींची नावे ठेवताना मराठी घरांनी फुलाच्या रंगगंधाइतकीच आपली पायरीही पाहिली आहे.

पणज्यांच्या पिढीत गावोगाव तुळसाबाई, शेवंताबाई, गुलाबबाई, चंपाबाई, केशरबाई होत्या. लवंगाबाईसुद्धा होत्या. रोज तोंडात येणारी ही नावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या घरांनी तीच फुले संस्कृतातून मागवली. एका कमळातून कमल, नलिनी, सरोज, पद्मा, अंबुजा अशी नावे निघाली. लग्नात ताटातल्या तांदळावर सुनेचे नवे नाव लिहितानाही हीच पसंती. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून खळबळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकर माहेरच्या बाळूताई खरे. विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. 1929 मध्ये जन्मलेल्या हेमा मंगेशकरचे नाव दीनानाथांनी रंगवलेल्या ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून लता झाले. त्यानंतर कितीतरी घरांनी लेकीचे नाव लता ठेवले, ते वेलीकडे पाहून नव्हे, आकाशवाणी ऐकून.

पुढे वारा फिरला. नलिनी आणि कुमुद जुन्या वाटू लागल्या, आणि 1980 नंतर परसातली फुले पुन्हा पाळण्यात आली, मागचे ‘बाई’ तेवढे गळले. 2004 ची मिस इंडिया सायली भगत, मग प्राजक्ता माळी, जुई गडकरी, केतकी माटेगावकर ही पडद्यावरची नावे त्याच लाटेतली. शेवंता मात्र परतली नाही. गुलाबही नाही.

गुलाबाचे तर मावळातच नवल आहे. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कात आणि पवन मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबावर कितीतरी घरांची चूल पेटते. जानेवारी संपता संपता व्हॅलेंटाइन डेच्या निर्यातीची धांदल उडते. पॅकिंगच्या शेडमध्ये बायका दांड्याची लांबी पाहून 40, 50, 60 सेंटिमीटर अशी प्रतवारी लावतात, वीस-वीस फुलांची जुडी बांधतात, पन्हाळी कागदात गुंडाळतात आणि शीतगृहात पाठवतात. खपाच्या एका लाल वाणाचे नाव ‘टॉप सीक्रेट’. अशा शेडमध्ये दिवसभर गुलाब हाताळणाऱ्या बाईला लेकीचे नाव गुलाब ठेवशील का, असे विचारले तर ती हसेल. फूल किती पिकते, किती विकते यावर नाव चालत नाही. ते कोणाच्या घरात ऐकू येते, यावर चालते.

नवे नाव रुजवणे मावळाला जमत नाही, असेही नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून 1987 मध्ये भाताचा एक वाण आला. आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून तयार झालेल्या या भाताला लोणावळ्याजवळ उगवणाऱ्या नदीचे नाव मिळाले, इंद्रायणी. आज पुण्यामुंबईच्या दुकानात ‘इंद्रायणी द्या’ म्हटले की वाणी नदी आणून देत नाही. त्याच नावाच्या मुलीही आहेत आणि भाताचे नाव म्हणून त्यांना कोणी चिडवत नाही.

नावांच्या लोकप्रियतेची सरकारी यादी आपल्याकडे दरवर्षी निघत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये निघते. तिथे 2016 पासून अनेक वर्षे मुलींच्या नावांत ऑलिव्हिया पहिली आली, आणि लिली, आयव्ही याही पहिल्या रांगेत असतात. आयव्ही म्हणजे जुन्या भिंतींवर चढणारी वेल. भिंतीवर चढणाऱ्या वेलीचे नाव तिथल्या लेकींना शोभते, आणि इथे भिंतच उभी करणाऱ्या झुडपाचे नाव कमीपणाचे वाटते!

इतके लांब जायलाही नको. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतली नीलकुरिंजी ही कारवीची सख्खी बहीण, दोघी स्ट्रोबिलँथस या एकाच प्रजातीतल्या. ती बारा वर्षांनी फुलते. मुन्नारला 2006 आणि 2018 मध्ये तिचा मोठा बहर आला आणि तो पाहायला माणसांची रीघ लागली. प्राचीन तमिळ काव्यात डोंगराळ मुलखालाच कुरिंजी म्हणतात, आणि तमिळ घरांत कुरिंजी हे मुलीचे नावही आहे. आपल्या कारवीचे कौतुक केले ते एका परक्याने. ब्रेमेकाम्प या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1944 मध्ये कारवीसाठी स्वतंत्र प्रजाती मानली आणि तिला नाव दिले ‘कार्व्हिया’. अभ्यासक आता तिला बहुधा स्ट्रोबिलँथसमध्येच धरतात. पण घाटावरच्या बोलीतला हा शब्द आपल्या बारशाच्या कितीतरी आधी लॅटिन ग्रंथांत जाऊन बसला, हे खरे.

राहिला सगळ्यात मोठा आक्षेप, फुलली की मरते त्या झुडपाचे नाव लेकीला कसे द्यायचे? मराठी माणूस एरवी इतकी चिकित्सा करून नाव ठेवत असता, तर या प्रश्नाला वजन आले असते. तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणून तेरडा पाळण्यातून बाद झाला हे समजते. पण अबोलीचे काय? लेकीने तोंड उघडू नये, असे कोणत्या आईला वाटते? केतकीने खोटी साक्ष दिली म्हणून महादेवाने तिला पूजेतून हद्दपार केले, अशी कथा आहे. तरी केतकी हे नाव शंकरभक्तांच्या घरातही बिनदिक्कत ठेवले जाते. आणि प्राजक्ताचे फूल? रात्री उमलते, पहाटे देठापासून सुटून खाली पडते. एका रात्रीच्या या फुलाचे नाव हजारो मुलींना दिले, तेव्हा आयुष्याची लांबी कोणी मोजली नाही. कारवी निदान आठ वर्षे उभी असते, सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेत आणि उतारावरची माती मुळांत धरून. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात उभे राहणे सोपे नाही.

मुलीचे नाव कारवी ठेवल्याने डोंगरावरची कारवी वाचते, असा भाबडेपणा मात्र नको. लोणावळ्याच्या परिसरात उतार सपाट करून बंगले उठतात आणि फाटकांवर ‘पारिजात’, ‘गुलमोहर’ अशा पाट्या लागतात. यातला गुलमोहर तर मादागास्करचा. जेसीबी लावून कारवी उपटायची, तिथे सेकंड होम बांधायचे आणि पाटीवर लेकीचे नाव घालायचे ‘कारवी’, हा विनोदही एखाद्या दिवशी पाहायला मिळेल. नावाची फॅशन झाली की त्याचा झाडाशी संबंध सुटतो. सायलीचा वेल आणि जाईचा वेल शेजारी लावले, तर किती सायलींना आपला ओळखता येईल?

म्हणून याद्यांतल्या ‘अर्थ : एक फूल’ एवढ्यावर समाधान मानू नये. पत्रिका पाहणाऱ्यांना तर हे नाव आयतेच आहे. मृग नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचे अक्षर ‘का’, आणि मृगाचा पाऊस लागला की कारवीचे बी रुजायला लागते. नाव पक्के करायची घाईही नाही. जन्माची नोंद वेळेत झालेली असली, की बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. त्या मुदतीत एखाद्या ठाकरवाडीत जाऊन, आपल्या डोंगरावर कारवी शेवटची कधी फुलली होती ते विचारून यावे. तिथली आजी सन सांगणार नाही, ‘थोरल्याच्या लग्नाच्या साली’ म्हणेल. थोरल्याचे लग्न कधी झाले ते शेजारी बसलेली सून सांगते. त्यात आठ मिळवत गेले, की आपली कारवी कितवीत असताना तिला पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरावर न्यायचे, ते तिथल्या तिथे ठरवता येईल.