कार्ताहेनाला जायचे, तर तिकीट शेवटी

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जाऊ लागला, की घरोघर पुढच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. हल्ली मुलगा किंवा लेक अमेरिकेत असते. ‘तिथवर जातोच आहोत, तर आणखी थोडे खाली उतरू,’ असे कोणीतरी म्हणते आणि नकाशावरचे बोट कोलंबिया देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर येऊन थांबते. तिथे कार्ताहेना नावाचे सुंदर शहर आहे. पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने ते १५३३ साली वसवले. पूर्ण नाव ‘कार्ताहेना दे इंदियास’. स्पेनमध्ये आधीच एक कार्ताहेना होते. हे ‘इंदियास’मधले, म्हणजे कोलंबसाला जो मुलूख हिंदुस्थान वाटला त्यातले.

बेत आखताना आपण बहुतेक जण पहिल्यांदा स्वस्त तिकीट शोधतो आणि मग बाकीच्या गोष्टींची त्याच्याशी मोट बांधतो. या शहराच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा. तिकीट शेवटी काढावे.

पहिला प्रश्न ऋतूचा. आपली दिवाळीची सुट्टी पडते ती नेमकी तिथल्या ऐन पावसात. ऑक्टोबर हा कार्ताहेनाचा सर्वांत ओला महिना. सखल रस्त्यांवर पाणी साचते. डिसेंबर ते एप्रिल कोरडे दिवस असतात. त्यातही नाताळ आणि नववर्षाची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम. थंडी मात्र कधीच नसते. दुपारचा पारा बारा महिने तीस अंशांच्या वरच.

दुसरा प्रश्न परतीचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर, असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत कोलंबिया आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो, त्याच्याकडे या लसीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. हा जाच नव्हे. हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, डेंग्यूचा तोच, घरोघर आहे. रोग एकदा शिरला तर काय होईल, याची कल्पना करा.

ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो. एकदा टोचली की तो जन्मभर चालतो. परंतु साठी उलटलेल्यांना तिच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका अधिक असतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असणाऱ्यांनाही ती सहसा देत नाहीत. तेव्हा आई-वडिलांना न्यायचे असेल, तर तिकिटाआधी डॉक्टरांकडे जा. डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर बेत बदला. डॉक्टरांचे मन वळवत बसू नका. समुद्र काय, दुसरीकडेही आहे.

तिसरा प्रश्न वाटेचा. भारतातून कोलंबियाला थेट विमान नाही. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले, तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. कोलंबियाच्या व्हिसाचे नियम वकिलातीकडून समजून घ्या आणि मगच मार्ग ठरवा. राजधानी बोगोतामार्गे जाणार असाल, तर एक स्वेटर हाताशी ठेवा. ते शहर सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे आणि हवा चांगलीच गार असते.

हे तिन्ही जमले, की तिकीट काढा आणि सामानाकडे वळा. तिथली वीज ११० व्होल्टची आणि प्लगच्या पट्ट्या चपट्या. मोबाइलचे चार्जर चालतात, पण आपली चहाची विजेची किटली तिथे जेमतेम पाणी कोमट करील. ती घरीच राहू द्या.

तीन दिवस पुरेत. पहिल्या दिवशी सकाळी लवकर सान फेलिपे किल्ला चढा. वर सावली नाही. १७४१ साली इंग्रजांचे बलाढ्य आरमार या शहरापुढे हात टेकून परत गेले होते. ऊन कलल्यावर जुन्या शहराच्या तटावरून समुद्र पाहत फिरा. दुसऱ्या दिवशी रोसारिओ बेटे. होडी सकाळचीच घ्या. कोरड्या दिवसांत वारा जोराचा, दुपारी समुद्र खवळतो. पाठदुखी असणाऱ्यांनी मागच्या बाकावर बसावे. तिसरा दिवस सान पेद्रो क्लाव्हेर चर्चसाठी. कार्ताहेना हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. जहाजांतून उतरवलेल्या त्या आफ्रिकन माणसांची सेवा करण्यात ज्याने आयुष्य घालवले, त्या धर्मगुरूचे हे स्थान. रंगीत सज्जांची छायाचित्रे घेताना ही बाजू विसरू नये.

पैशांबाबत एक इशारा. पेसोच्या आकड्यांत हजाराच्या जागी टिंब असते, ५०.००० म्हणजे पन्नास नव्हेत, पन्नास हजार. टॅक्सीला मीटर नसतो. हॉटेलात दर विचारा आणि बसण्यापूर्वी भाडे ठरवा.

शाकाहाऱ्यांनी नुसते ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढे म्हणून थांबू नये. ‘कार्ने’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे गोमांसच येते, आणि ताटात निर्धास्तपणे कोंबडी येऊन बसते. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे कोंबडी नको, मासे नकोत, हेही जोडा. मग नारळाच्या रसात शिजवलेला किंचित गोड भात मागवा. आपला नारळीभात आठवल्याशिवाय राहणार नाही. बाजारात ‘निस्पेरो’ नावाचे तपकिरी फळ दिसेल. बिचकू नका. तो आपला चिकूच आहे, आणि अमेरिका खंड हे त्याचे माहेर. त्याला माहेरी भेटून या.