पगार आणि जन्माचें काम

परीक्षांचे निकाल लागले, कीं घरोघरीं पहिला प्रश्न ऐकूं येतो तो पगाराचा. हल्ली त्यास 'पॅकेज' म्हणतात, एवढाच फरक. प्रश्न रास्तच आहे. ज्या घरांत वृद्धांचें औषधपाणी व धाकट्या भावंडांचें शिक्षण एकाच मिळकतीवर चालावयाचें, तेथें पगाराकडे पाठ फिरविणें ह्यास त्याग म्हणतां येणार नाहीं. परंतु गरज कोठें संपते व हौस कोठें सुरू होते, हें कागदावर मांडून पाहणारीं कुटुंबें आम्हांस फार थोडीं आढळतात.

ह्या बाबतींत पुण्याचें एक जुनें उदाहरण विचार करण्यासारखें आहे. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व तिच्या आजीव सभासदांनीं दरमहा ७५ रुपयांवर २० वर्षें शिकविण्याचें पत्करलें. आगरकर त्यांपैकींच. एम्. ए.च्या अभ्यासांत असतांनाच त्यांनीं आईस पत्रानें कळविलें होतें, कीं मुलगा मोठ्या पगाराची चाकरी धरील ही आशा सोडावी. पोटापुरतें मिळवून उरला वेळ तो लोकांसाठीं वेंचणार. ह्या पत्राची थोरवी सर्वच गातात. आम्हांस त्यांतील साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते : घरच्यांस त्यांनीं अगोदर सांगितलें.

गोखल्यांची अडचण निराळी. वडील वारल्यावर थोरले बंधु गोविंदराव ह्यांनीं शिक्षण सोडून कागलास १५ रुपयांची नोकरी धरली, व त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावास धाडीत. अशा घराला ७५ रुपये थोडे नव्हते. पण वकिलींत त्याहून कितीतरी अधिक मिळालें असतें, हें कोणालाही समजण्यासारखें होतें. त्या आठ रुपयांची जाणीव ज्याला नाहीं, त्यानें ध्येयाच्या गोष्टी बोलूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आणि पुढची वर्षें कांहीं रोमांचकारी नव्हतीं. गणित, इंग्रजी, इतिहास, ज्या विषयाचें अडेल तो गोखले शिकवीत. 'मागाल त्या विषयाचे प्रोफेसर' अशी त्यांची थट्टाही होई. हें १९०२ पर्यंत चाललें. संस्थेंत भांडणेंही झालीं. बाहेरच्या उद्योगांवरून व मिळकतीवरून मतभेद विकोपास जाऊन टिळकांनीं १८९० सालीं राजीनामा दिला. आवडीच्या कामांत कटकटी नसतात, असें कोणीं समजूं नये!

म्हणून मुलानें वा मुलीनें एखादें काम आवडतें म्हणून सांगितलें, तर वडीलधाऱ्यांनीं लगेच नाक मुरडूं नये. बंगळुरांतील कचेरी असो कीं तालुक्याची शाळा, त्या कामांत दहा वर्षें घालविलेल्या कोणाकडे तरी त्यांस धाडावें. दिवसभर काय करतां, संध्याकाळीं घरीं कोणत्या मनानें येतां, हें विचारून घ्यावें. नवलाई पहिल्या वर्षींच ओसरते. मागें उरतो तो हाच दिवस.

राहिला हिशेब. घरखर्च, कर्जाचा हप्ता, आजारपणाची तजवीज मांडून जो आंकडा येईल, त्याखालीं उतरूं नये. त्यावरच्या रकमेसाठीं मात्र न रुचणारें काम कोणाच्या गळ्यांत बांधूं नये. आणि हा कागद मांडतांना सुनेस, वा जिच्याशीं विवाह ठरला आहे त्या मुलीस, अवश्य जवळ बसवावें. आगरकर १८९५ सालीं चाळिशीच्या आंतच वारले. पोटापुरतें म्हणजे किती, ह्याचा हिशेब पुढें यशोदाबाईंना एकटीनें करावा लागला.